रंगवलेला ब्रेक

एका जंगलात मोटारी होत्या. जंगलात मोटारी कुठून आल्या, असं विचारू नका बाळांनो. जिथे युद्ध येऊ शकतं, तिथे मोटारही येते.

युद्ध नदीपलीकडच्या जंगलाशी होतं. तिकडच्या सिंहाने आपल्या सिंहमहाराजांच्या आयाळीला काथ्या म्हटलं होतं. एवढं ऐकून कोण गप्प बसेल? तोफा ओतायला घेतल्या. तोफांना लोखंड लागलं. ते गोळा करायचं काम टकाचोर नावाच्या पक्ष्याला मिळालं. त्याच्या नावातच अनुभव होता.

आधी मोटारींच्या नाकावरच्या चकचकीत पट्ट्या गेल्या. तिथे राखाडी रंग फासला. मग पुढचे लोखंडी दांडे गेले, त्यांच्या जागी बांबू बांधले. दिवे काळे केले आणि मधे बारीकशी फट ठेवली. चांगले रंग सगळे झेंड्यांना लागले, म्हणून मोटारी शेणाच्या रंगाच्या झाल्या.

"याला युद्धफॅशन म्हणतात," टकाचोर साहेब म्हणाले.

झालं! लांडोरबाईंनी आपल्या नव्याकोऱ्या मोटारीवर मुद्दाम ओरखडे काढून घेतले.

रंभा मुंगसिणीला फॅशनशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो ठकूत. ठकू तिचा एकुलता एक. तो शाळेच्या मोटारीने रोज टेकडी उतरून जायचा. खाली शाळा, आणि शाळेला लागूनच नदी. रंभा रोज मोटारीमागे पळत खालपर्यंत जायची. बाकीच्या आया तिला हसायच्या.

"अगं, मोटार आहे ती. तुझं पोर काय पायी चाललंय?" अस्वलीण म्हणायची.

"असू दे बाई. मला घरी बसवत नाही."

एके दिवशी रंभाने मोटारीत डोकावून पाहिलं. मोटार हाकणाऱ्या रेड्याच्या पायाशी ब्रेक नव्हता. फळीवर ब्रेकचं चित्र होतं. छान काढलं होतं, सावलीसकट.

"रेडेभाऊजी, हे काय?"

"काल साहेब काढून घेऊन गेले, वहिनी. पण मी पाय बरोबर चित्रावरच दाबतो हं. सवय मोडायला नको."

"मग मोटार थांबते कशी?"

"काल चिखलात रुतली म्हणून थांबली. आजचं बघू."

रंभाने ठकूला ओढून खाली उतरवलं आणि ती तडक टकाचोराकडे गेली.

"साहेब, आमच्या पोरांच्या मोटारीचा ब्रेक द्या."

"बाई, तिकडे जवान पुढे पुढे चाललेत, आणि तुम्ही इकडे थांबायच्या गोष्टी करता? विजय मिळेपर्यंत कुणी थांबायचं नाही."

"नदी आली तरी?"

"नदी शत्रूची आहे. तिला घाबरणं म्हणजे शत्रूला घाबरणं. आणि हो, जे पोर मोटारीत बसणार नाही, त्याचं नाव शाळेतून कमी होईल."

दुसऱ्या दिवशी रंभाने ठकूला मोटारीत बसवलं. काय करणार? पण आज तिने मागच्या शिडीला दोर बांधला आणि दुसरं टोक आपल्या कमरेला.

मोटार निघाली. उतार लागला. रेड्याने चित्र दाबलं. पुन्हा दाबलं. मग दोन्ही पायांनी दाबलं.

"वहिनी, चित्र लागत नाहीये!" तो ओरडला.

रंभाने पंजे जमिनीत रोवले. मुंगसाचं वजन ते केवढं! ती फरफटत निघाली. नखं तुटली, पोट सोललं, पण वाटेकडेला हसत उभ्या असलेल्या आयांवर तोंड चालू होतं. "अगं, हसताय काय भवान्यांनो! तुमचीही पोरं आहेत आत!"

तेव्हा कुठे अस्वलिणीने दोर धरला. साळिंदरीण तिच्यामागे लटकली, हरिणी साळिंदरिणीपासून जरा लांब राहून. पुढची चाकं नदीत बुडाली आणि मोटार थांबली.

ठकू खिडकीतून उतरला आणि आईच्या पोटाकडे बघून रडायला लागला.

"गप. दप्तर घेतलंस का?" रंभा म्हणाली.

एवढ्यात टकाचोर उडत आला. त्याने मोटारीभोवती एक घिरटी मारली, आयांकडे नीट पाहिलं आणि टाळी वाजवली.

"वा! गंजत नाही, तेल लागत नाही, आणि ओरडून आधी सूचनाही देते!"

त्याच संध्याकाळी फर्मान निघालं. प्रत्येक मोटारीमागे आया बांधाव्यात. लांडोरबाईंनी दोराला झालर लावून घेतली.

पुढे युद्ध संपलं. कोण जिंकलं, ते दोन्ही जंगलांत वेगवेगळं सांगतात. उरलेलं लोखंड परत आलं आणि शाळेला नवी मोटार मिळाली. तिच्या नाकावर चकचकीत पट्ट्या होत्या. पुढचा दांडा हत्तीच्या सुळ्यांएवढा होता. दिवे तर सहा होते. रंभाने आधी आत वाकून पाहिलं. फळीवर तेच चित्र, फक्त आता सोनेरी रंगात.

"साहेब, युद्ध संपलं ना? मग ब्रेक?"

"असं काय करता बाई! मागे बघा."

मागे एक पितळी कडी होती. दोर बांधायला. तिच्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं, 'मातृदेवो भव'.

रेड्याने भोंगा वाजवला. ठकू आत बसला होता. रंभाने कमरेला बांधलेल्या दोराचं मोकळं टोक कडीत ओवलं.

तात्पर्य : बाळांनो, संकटात आई धावून येतेच. म्हणून ब्रेकवर लोखंड वाया घालवू नये.