पंपाचा स्क्रू आणि चाळीस चादरी

पिकअपचा वेग वाढवायचा, असं सावकाशरावांनी दाढी करता करता ठरवलं. तेव्हा एक गाल झाला होता, दुसरा व्हायचा होता. (तो त्या दिवशी तसाच राहिला. बेत पक्का झाला की त्यांना मग दुसरं काही सुचत नसे.)

सावकाशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव लायसन्सवर होतं, आणि लायसन्स त्यांना कधी कुणी मागितलंच नाही. ज्याच्या मागून येऊन सायकली पुढे जातात, त्याला शिट्टी मारून थांबवायला पोलिसालाही लाज वाटत असणार.

नवराबायकोची लॉन्ड्री होती. हमरस्त्यावर सत्तावीस किलोमीटरवर एक मोठं लॉज होतं. त्याच्या चाळीस खोल्या, चाळीस चादरी, रोजच्या. धुवायच्या, इस्त्री करायच्या बाईंनी आणि पोचवायच्या यांनी. बाकी गिऱ्हाईक म्हणजे कुणाचे दोन शर्ट, कुणाचा एक कोट. घर चालत होतं ते लॉजवर.

आणि आदल्याच दिवशी लॉजच्या मॅनेजरबाईंनी घड्याळ दाखवलं होतं.

"काका, बारा वीस झालेत. बाराला पाहुणे येतात आणि पलंग उघडे असतात. परवापासून बाराच्या आत चादरी आल्या नाहीत, तर मी दुसरी लॉन्ड्री बघून ठेवलीय. त्यांची गाडी उडत येते."

उडत येते! हा शब्द सावकाशरावांना रात्रभर टोचला. म्हणून ही दाढी, आणि म्हणून हा बेत. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं की ती प्रश्न विचारते, आणि प्रश्न विचारले की बेत पातळ होतो, हा त्यांचा जुना अनुभव.

दुपारी ते गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री मोठा सज्जन माणूस. गाडीशी डॉक्टरसारखं बोलायचा.

"काय त्रास आहे?"

"काटा पासष्टच्या पुढे जात नाही."

"तुम्ही पासष्टला नेता?"

"मी चाळीसच्या वर कधी नेली नाही."

"मग त्रास कुणाला आहे?"

"अहो, न्यायची म्हटली तर जायला नको का?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पंपावर दोन स्क्रू असतात, ते त्यांनी बोट ठेवून दाखवले. एक इंजिनाला जास्त फिरू देत नाही, त्याला तार आणि शिशाचं सील. दुसरा डिझेल किती जायचं ते ठरवतो.

"पहिला मी थोडा सैल करतो. दुसरा अर्धा आटा फिरवतो. बस. डिझेल वाढवलं तर हवाही तेवढी लागते, आणि हवा काही मी डब्यातून आणून देऊ शकत नाही. न जळलेलं सगळं काळा धूर होऊन बाहेर पडेल."

"एखादा आटा फिरवा की."

"अर्धा!" मिस्त्री म्हणाले आणि हात पुसायला आत गेले.

आता माणूस लॉन्ड्रीवाला. तीस वर्षांत त्यांनी एकच विद्या कमावली होती : डाग निघत नसेल, तर पावडर थोडी जास्त टाका. डब्यावर लिहिलेलं असतं एक चमचा, पण कपडा निघतो दोन चमच्यांत. मिस्त्रींचा अर्धा आटा म्हणजे त्यांना डब्यावरचा एक चमचा वाटला. पाना तिथेच पडला होता. सावकाशरावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि आपल्या हाताने आणखी एक आटा टाकला. मग नीट उजळण्यासाठी थोडा आणखी.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखीच गाडी भरली. इस्त्रीवरून आलेल्या चादरी बाई घडी न घालता हौद्यातल्या दांड्यांवर टाकायच्या, ताडपत्रीच्या बाजू वीतभर वर गुंडाळायच्या आणि मागचा पडदा उघडा ठेवायच्या. घडीची सुरकुती पडू नये म्हणून हे असतं, असं सावकाशरावांना पंधरा वर्षं वाटत आलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं.

अकरा चाळीसला ते निघाले. गल्लीत काही दिसलं नाही, कारण गल्लीत ते नेहमीसारखेच निघाले. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला.

आणि गाडी धावली हो! पन्नास. साठ. पासष्टला काटा जरा घुटमळला आणि पुढे सरकला. सत्तर! ऐंशी! नव्वद! सावकाशरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ओव्हरटेक केलं. तो रोड रोलर होता, पण चालू रोलर होता. आरशात मागे सगळं काळं दिसत होतं. आरसा मळलाय, असं म्हणून त्यांनी हात बाहेर काढून तो रुमालाने पुसला. एक स्कूटरवाला शेजारी येऊन जीव तोडून हातवारे करत होता. वेगाचं कौतुक करतोय बिचारा, असं वाटून यांनीही हात हलवला. स्कूटरवाल्याचे फक्त डोळे आणि दात पांढरे होते. असतात एकेकाचे, म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं.

बाराला एक मिनिट कमी असताना पिकअप लॉजच्या मागच्या दाराशी उभी राहिली.

"वा काका!" मॅनेजरबाई स्वतः पायऱ्या उतरून आल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

मग त्या मागे गेल्या आणि आत डोकावल्या.

भरधाव गाडीच्या मागे हवेची एक पोकळी तयार होते, आणि मागचा धूर फिरून तिच्यातून पुढे ओढला जातो. हे मिस्त्रींना ठाऊक होतं. सावकाशरावांना ते आत्ता समजलं. पडद्याजवळच्या चादरी तव्यासारख्या झाल्या होत्या. आत जावं तसा रंग उतरत गेला होता, आणि केबिनच्या पाठीला टेकलेली शेवटची चादर नुसती राखाडी होती.

"ही पांढरी म्हणता येईल," सावकाशराव चाचरत म्हणाले.

मॅनेजरबाईंनी ती दोन बोटांत धरली. "ओली आहे."

"छे! ओली कशी असेल?"

"काका, सगळ्या ओल्या आहेत. म्हणूनच तर काजळी इतकी छान बसलीय."

त्यांनी तिथूनच लॉन्ड्रीत फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ओल्या?" पलीकडून बाईंचा आवाज आला. "शक्यच नाही, मॅडम. हे किती वाजता पोचले?"

"बाराला एक कमी."

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो," बाई म्हणाल्या, "काय केलंत तुम्ही गाडीला?"

"वेग वाढवला."

"मला विचारलंत? इस्त्रीवरून निघालेल्या चादरीत ओल असते. चाळीसच्या वेगाने चाळीस मिनिटं वारा लागला की ती जाते. पंधरा वर्षं तुमच्या संथपणावर मी चादरी सुकवतेय! तुमच्यात एवढाच एक गुण होता, तोही तुम्ही मिस्त्रीकडे देऊन आलात?"

लॉजची झाडूवाली तोंडाला पदर लावून आत पळाली.

मॅनेजरबाईंनी कपाटातला जादा जोड काढून कसंबसं भागवलं. पण जाताना बोट वर केलं. "उद्या बारा. पांढऱ्या आणि कोरड्या. जमलं नाही तर परवा येऊ नका."

संध्याकाळी मिस्त्रींनी दोन्ही स्क्रू होते तिथे आणले आणि नवं सील ठोकलं. सोबत बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, असं सील यांच्या हाताला बसवता येईल का?"

मिस्त्रींनी सावकाशरावांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हात चांगला आहे, वहिनी. बिघाड वर आहे."

प्रश्न मात्र तसाच उभा होता. गाडी चाळीसनेच गेली पाहिजे, म्हणजे चाळीस मिनिटं लागणार. बाराला पोचायचं, म्हणजे अकरा वीसला निघायचं. ही वीस मिनिटं आणायची कुठून? बाईंनी सकाळपासूनचं काम डोळ्यांपुढून फिरवलं. धुणं कमी होत नव्हतं. इस्त्री कमी होत नव्हती. शेवटी एक जागा सापडली. गाडी भरून दारात उभी राहिल्यावर सावकाशराव अंघोळीला जात आणि गरम पाण्याखाली डोळे मिटून तीस मिनिटं उभे राहत.

"वेग वाढवायचा होता तो इथे," बाई म्हणाल्या. "त्यासाठी डिझेल कशाला जाळलंत?"

दुसऱ्या दिवशी अंघोळीला पाच मिनिटं झाली आणि नळ बंद झाला. बाहेरून, छतावरच्या टाकीच्या बाजूने आवाज आला, "निघा!" सावकाशराव निघाले. डोळ्यांत साबण तसाच होता. चाळीसचा काटा जराही हलू दिला नाही.

बाराला पाच कमी. मॅनेजरबाईंनी मागून पुढपर्यंत एकेक चादर तपासली. पांढरीशुभ्र. कोरडी ठणठणीत.

"शाबास, काका. काम तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. मग जरा वाकून बघितलं. "फक्त तुमच्या कानामागे परवाच्या काजळीचा काळा फेस राहिलाय."

सावकाशराव ओशाळले. हाताला जे पहिलं लागलं, त्याने त्यांनी घाईघाईत कान खसखसून पुसला.

मॅनेजरबाईंनी एकोणचाळीस चादरी उतरवून घेतल्या.