वाघचौरे सरांचा मेन स्विच

वाघचौरे सर वर्गात आले की आधी मेन स्विच पाडतात. हजेरी नंतर.

पोरं कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी लिहीत बसलेली असतात. सर दारात चपला काढतात, शांतपणे भिंतीवरच्या पेटीपाशी जातात आणि खटका खाली ओढतात. पंखे थांबतात, स्क्रीन काळे पडतात, कुणीतरी "आई गं" म्हणतं. सर खुर्चीत बसतात.

"गेलं?"

"गेलं सर."

"डोक्यात आहे ना?"

यावर पोरं कीबोर्डकडे बघू लागतात.

"नाही? मग ते तुझं नव्हतंच. परत लिही."

पण हे रोज होत नाही. रोज झालं असतं तर पोरं सावध राहिली असती. सर कधी आठवडाभर पेटीकडे बघत नाहीत, आणि मग एका दिवसात दोनदा पाडतात. काही हुशार पोरं दर मिनिटाला काम सेव्ह करतात. त्यांची फाइल सर स्वतः पुसून टाकतात आणि म्हणतात, "आता झालात सगळे सारखे."

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यामुळे शिक्षकांविषयी माझी मतं फारशी चांगली नाहीत. 'प्रेरणादायी' हा शब्द कानावर पडला की मी आधी खिशातलं पाकीट चाचपतो. शालीखाली घाम गाळत बसलेले, नारळ मांडीवर घेऊन स्वतःचीच स्तुती ऐकणारे इतके प्रेरणादायी शिक्षक मी पाहिले आहेत, की आमच्या बिल्डिंगमध्ये वाघचौरे राहायला आले तेव्हा मी पहिला आठवडा त्यांच्याशी बोललोच नाही. नंतर कळलं, तेही माझ्याशी बोलत नव्हते. त्यांना इतिहासाच्या प्राध्यापकांविषयी असंच काहीतरी वाटत होतं. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

सर सिडकोतल्या एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचे. विद्यार्थी म्हणजे अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून येणारी पोरं, पेठ-सुरगाण्याकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुली, बागलाणातून कांद्याच्या गाडीत बसून आलेले दोघे-तिघे. यातली बरीच आज मोठ्या शहरांत मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर लिहितात. काही समुद्रापलीकडे आहेत. हे मला सरांनी सांगितलेलं नाही. सरांना त्याविषयी विचारलं तर ते म्हणतात, "असतील."

संस्थेला मात्र सांगायची हौस होती. एकदा तिने दारावर भला मोठा फ्लेक्स लावला, 'आमचे चमकते तारे'. ताऱ्यांचे फोटो छोटे, अध्यक्षांचा मोठा. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स गायब. आठवडाभर शोध चालला. तो कापून सरांनी कॉम्प्युटरवर घालायच्या खोळी शिवून घेतल्या होत्या. अध्यक्षांचा चेहरा प्रिंटरला बरोबर बसला.

"सर, हा संस्थेचा अपमान आहे," अध्यक्ष म्हणाले.

"धूळ बसत नाही," सर म्हणाले. "फ्लेक्सचा पहिल्यांदाच उपयोग झालाय."

जुने विद्यार्थी पेढे घेऊन आले की सर त्यांना दारातच अडवतात. "काय रे, तिकडे काम नाही का?" पायाकडे वाकलेल्या पोराला ते असे मागे सरतात जणू त्याने पायावर गरम चहा सांडलाय. त्यांचा सिद्धांत ठरलेला. शिकून गेलेल्याने मास्तराला विसरायला हवं. आठवण येत असेल तर काहीतरी शिकायचं राहिलंय, शिकवणं फसलंय. "मी काय देवस्थान आहे का, दरवर्षी यायला?" पोरं हसतात, पेढे शेजारी माझ्याकडे ठेवून जातात. सरांमुळे माझी साखर वाढली आहे.

मग संस्थेने 'डिजिटल गुरुकुल' काढायचं ठरवलं. नवे स्क्रीन, नवे एसी, आणि स्क्रीनवर कुण्या दूरच्या शहरातल्या हसऱ्या मास्तरांचे तयार धडे. उद्घाटनाला मुंबईहून कुणी सल्लागार आले होते. सरांना अध्यक्षांनी बजावलं होतं, आज पेटीला हात लावायचा नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. सल्लागार 'आत्मनिर्भर विद्यार्थी' या विषयावर समोरच्या स्क्रीनवर बघून बोलत होते. रंगातही आले होते. "आपल्या मुलांना कुणाच्याही आधाराशिवाय उभं राहता आलं पाहिजे," असं ते म्हणाले आणि सर उठले. खटका खाली.

अंधार, शांतता. एसीचा शेवटचा उसासा.

"साहेब," सर म्हणाले, "आता जे डोक्यात आहे ते बोला."

साहेबांच्या डोक्यात बहुधा परतीची गाडी होती. पोरं हसली ती थांबेचनात. दुसऱ्या दिवशी सरांना संस्थेने निरोप दिला. शाल-नारळ न मिळता निवृत्त झालेला मी पाहिलेला हा एकमेव शिक्षक. त्याचा त्यांना फार अभिमान आहे.

त्याच आठवड्यात पाथर्डी फाट्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये टेम्पो आला. अंबडच्या एका कारखान्याने भंगारात काढलेले कॉम्प्युटर वाघचौरेंच्या बाहेरच्या खोलीत लागले, प्रिंटरवर अध्यक्ष बसले आणि दुपारचा वर्ग सुरू झाला. भिंतीवर वर्गापुरती वेगळी पेटी आली. तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा "आई गं" ऐकू येऊ लागलं.

वर्गात रंजना भोये नावाची मुलगी होती. पेठच्या पलीकडची. सकाळी अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला, दुपारी सरांकडे. त्याच कारखान्यात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची जागा निघाली होती आणि पुढच्या महिन्यात परीक्षा होती. पॅकिंगच्या टेबलावरून जिना चढून वरच्या ऑफिसात जायचं, एवढंच तिला हवं होतं. घरी कॉम्प्युटर नाही, वसतिगृहात नाही. सरांचा वर्ग बंद पडला तर जिनाही बंद.

आणि वर्ग बंद पडायची वेळ आलीच. बिल्डिंगची वायर जुनी. सरांची भंगार यंत्रं सुरू झाली की खालचा मीटर बोर्ड तापायचा. एक दिवस तिथून धूर आला. मी सोसायटीचा सेक्रेटरी, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. चेअरमन बोरसे नाना. मीटिंग जिन्यात भरली.

"सर, क्लास तरी बंद करा नाहीतर वायर तरी बदलू द्या," नाना म्हणाले. "खांबापासून वरपर्यंत सगळी बदलावी लागंल. वायरमन म्हणतो, एक दिवस पूर्ण बिल्डिंग बंद."

"वायर बदलायची नाही."

"का बरं?"

"लाइट बंद होता कामा नये."

जिन्यात सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "हे कोण बोलतंय?" आणि सगळे हसले. सर हसले नाहीत.

"मग क्लास बंद," नाना म्हणाले. "लय झालं. उद्या आग लागली तर काय करू? नोटीस काढा, सेक्रेटरी."

नोटीस न काढता मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. वर्ग चालू होता. रंजनाने मला खुर्ची दिली. चार वाजत आले तसे सर उठले आणि आतल्या खोलीत गेले. रोजच जातात. डोळ्यांत औषध घालतात, अशी वर्गात समजूत आहे.

मी मागोमाग गेलो. आतल्या पेटीवर, म्हणजे घराच्या मेन स्विचवर, चिकटपट्टीचे वेढे आणि वर सुतळीची गाठ. स्विच पाडता येऊ नये असा बंदोबस्त. कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर, त्याच्या पायाशी तास-दोन तास पुरेल असा इन्व्हर्टर. घड्याळात चार झाले आणि काळ्या स्क्रीनवर बागलाणी बोलीतली एक ओळ उमटली.

सर, चहा व्हयना का?

सरांनी दोन बोटांनी टाइप केलं, 'नाही.'

मंग करी ल्या ना सर.

सर गॅसकडे गेले आणि त्यांनी आधण ठेवलं. मला बघून ते दचकले नाहीत. पकडलं गेल्यावर माणूस जसा उगाच भांड्यांचा आवाज करतो तसा त्यांनी केला.

"नामपूरचा होता," ते म्हणाले. "दोन वर्षं रोज चार वाजता हेच विचारायचा. नोकरी लागली त्या दिवशी इथे आला. मी चहा करायला उठलो तेवढ्यात हा प्रोग्रॅम लिहून चालू करून ठेवला. फाइलसुद्धा केली नाही गाढवाने. थेट लिहिलं आणि चालवलं. बंद केलं की गेलं."

"मग कधीच बंद केलं नाही?"

"कशाला करू? चालतंय."

"'हो' का नाही लिहीत? चहा तर तुम्ही एरवीही घेता."

"हो लिहिलं की गप्प बसतो. नाही लिहिलं की आणखी एक वाक्य बोलतो."

"तो आता कुठे असतो?"

"लांब. मी सांगितलं होतं, परत यायचं नाही, मास्तराला विसरायचं." त्यांनी दुधाचं पातेलं पुढे ओढलं. "सगळ्यांना सांगतो. कुणी ऐकत नाही. हा एवढा एकच पोरगा माझं सगळं ऐकणारा निघाला."

दारात रंजना उभी होती. तिने स्क्रीन वाचला असावा.

"सर, मी परत लिहून देऊ का? दहा ओळींचा तर हाय."

"मलाही लिहिता येतो, बाई," सर म्हणाले. "पण मग चहा झाला का, हे मीच मला विचारल्यासारखं होईल. जा, तिकडचं लिही."

ती गेली. मी सेक्रेटरीच्या अधिकारात म्हणालो, "जनरेटर आणू. दिवसभर यालाच लावू. कुणाला कळणार नाही."

सर काही बोलले नाहीत, म्हणजे मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आयुष्यभर इतिहास शिकवल्यावर माणूस गप्प बसण्याचे हवे ते अर्थ काढायला शिकतो.

रविवारी वायरमन आले. मी भाड्याचा जनरेटर जिन्यातून वर चढवून घेतला. तोवर वर्गातली पोरं कॉम्प्युटर झाकायला म्हणून येऊन उभी होती, रंजना सगळ्यांत पुढे. सरांनी जनरेटरकडे पाहिलं, मग पोरांकडे.

"हे कुणासाठी?"

"तुमच्या त्या..."

"सेक्रेटरी, यांच्या तासातासाच्या कामावर मी खटका पाडतो. आणि माझं तेवढं सलाइनवर ठेवू? यांनी मला का म्हणून ऐकायचं मग?"

"सर, राहू द्या ना," रंजना म्हणाली. "आम्ही काय बोलणार नाय."

"तू बोलणार नाहीस. मी बोलेन ना."

त्यांनी सुतळीची गाठ सोडली. कापली नाही, सोडली. चिकटपट्टी नखाने उकलत बसले. मग इन्व्हर्टरची पिन काढून ठेवली. वायरमन पुढे झाला तसे त्याला म्हणाले, "हा माझा आहे." मेन स्विचवर हात ठेवून ते उभे राहिले. हा माणूस स्विचपाशी थांबलेला मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. मग खटका पडला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला.

कुणी "आई गं" म्हणालं नाही. "गेलं?" असंही कुणी विचारलं नाही. पोरांना एवढी अक्कल त्यांनीच शिकवलेली होती.

दुसऱ्या दिवशी नवी वायर, नवा मीटर. बोर्डाला हात लावला तर गार. दुपारी वर्ग भरला. मी खाली बसून ऐकत होतो. खटका पडला, ओरडा झाला, "परत लिही" ऐकू आलं. आवाजात काही फरक नव्हता. मला फरक ऐकायचा होता म्हणूनच कदाचित.

चार वाजता मी जिना चढलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सर काळ्या स्क्रीनसमोर खुर्चीवर बसले होते. त्यांनी तो सुरूच केलेला नव्हता. मी दारावर टकटक केली आणि मला जमेल तसं म्हणालो, "सर, चहा व्हयना का?"

ते वळले तेव्हा कपाळावर ती नेहमीची आठी होती.

"उच्चार चुकला," ते म्हणाले. "परत."

मी परत म्हणालो.

"नाही झाला," सर म्हणाले आणि आणखी एका वाक्याची वाट बघत माझ्याकडे बघत राहिले.