चेलाबाईंकडचा उशीर

इथे जर्मनीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चौबळांनी एका झाडाविरुद्ध लेखी तक्रार केलेली आहे. झाड नगरपालिकेचं होतं आणि ते चौबळांच्या गाडीवर चिकट थेंब गाळत असे. उत्तर आलं की, झाड आपल्या गाडीच्या बरंच आधीपासून तिथे उभं आहे. त्यावर चौबळांनी दुसरं पत्र पाठवलं. झाडाची ज्येष्ठता आपल्याला मान्य आहे, पण तिचा गैरफायदा घेतला जाऊ नये, असा त्याचा मथितार्थ होता.

ही पत्रं मला पाठ आहेत, कारण ती तपासतो मीच. माझं जर्मन चौबळांच्या एक इयत्ता पुढे आहे, असं एकदा मी त्यांच्यासमोर बोलून बसलो. तेव्हापासून रविवारी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच बेल वाजते आणि दारात चौबळ कागद घेऊन उभे. कागदावर डावीकडे मराठी मसुदा, उजवीकडे जर्मन. मराठीत 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' अशी सुरुवात असते आणि ती जर्मनमध्येही जशीच्या तशी उतरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. मी सुट्टीवर असताना कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मॅनेजरला त्यांचा प्रेमपूर्वक नमस्कार जाऊन पोचला होता. तो मॅनेजर अजून चौबळांना पाहिलं की आतल्या खोलीत जातो.

"अहो सबनीस, तोंडी बोलणं हवेत जातं. लेखी गेलं पाहिजे," हे चौबळांचं पालुपद. बस चार मिनिटं उशिरा आली, लेखी गेलं. लिफ्टमधला आरसा वाकडा लागला, लेखी गेलं. कायझर्सलाउटर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टिंगला आहेत, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्यांना पगार मिळतो. शनिवार-रविवारी तेच काम ते हौसेने करतात.

हॉटेलात बसले की मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवणार. पाणी किती वाजता आलं, ऑर्डर किती वाजता घेतली, सगळी नोंद खिशातल्या छोट्या डायरीत. वेटरलोक त्या घड्याळाकडे बघतात आणि पळायला लागतात.

अशा माणसाचं आवडतं हॉटेल कोणतं असावं? तर चेलाबाईंचं.

चेलाबाई मूळच्या मेक्सिकोच्या. स्टेशनमागच्या एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांचं हॉटेल आहे. खाली आठ पायऱ्या, भिंती हातभर जाड, फोनला रेंज नाही. स्वयंपाकाला त्या एकट्या, वाढायला त्या एकट्या आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकाशी गप्पा मारायलाही त्याच. कुणी हाक मारली की त्या आतून "ग्लाइश, ग्लाइश!" म्हणून ओरडतात. ग्लाइश म्हणजे आत्ता, लगेच. हा शब्द मी तिथे एका जेवणात सात वेळा ऐकला आहे.

ते जेवण मला चौबळांनीच घातलं होतं. जाताना मी मनात म्हटलं, आज मजा आहे, उद्या सकाळी किमान तीन पानी मसुदा येणार. आम्ही साडेबाराला बसलो. पाणी एक वाजता आलं. चौबळांनी मासे मागवले. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण, ठाण्याला होते तेव्हा बाजारातली कोळीण त्यांना नावाने ओळखायची. पावणेदोनला चेलाबाईंनी त्यांच्यापुढे पोळीत गुंडाळलेला राजमा ठेवला आणि पाठीवर थाप मारून निघून गेल्या.

चौबळांनी राजमा खाल्ला. मुकाट्याने, शेवटच्या दाण्यापर्यंत. वर "चटणी काय झणझणीत आहे, नाही?" म्हणून माझ्याकडे बघून हसले.

"अहो, लेखी जाणार ना हे?" मी विचारलं.

"छे हो! घाई कसली आहे?"

चौबळांच्या तोंडून हे वाक्य ऐकून मी घास तसाच गिळला. त्यांची डायरी टेबलावर उघडी होती. नजर गेली तर एकाखाली एक आकडे: बावीस मिनिटं, एकतीस मिनिटं, सव्वीस मिनिटं. मी समजलो, नोंद चालू आहे, तक्रार तुंबली आहे, कधी तरी धरण फुटणार.

चौबळांच्या बायकोला, मीनलवहिनींना, मी याबद्दल विचारलं. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतात आणि त्यांना शनिवारी ड्यूटी असते. "मी दोनदा गेले हो तिथे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा पर्समध्ये शंकरपाळे घेऊन गेले. घरी राजमा करते म्हटलं तर ह्यांना नको असतो. इरा लहान होती तेव्हापासून माझ्या ड्यूटीच्या शनिवारी ही दोघं तिथे जातात. मी काही बोलत नाही बाई."

इरा ही त्यांची एकुलती एक लेक. जन्म इथलाच. हॅनोव्हरला शिकते आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरी येते. गोड मुलगी आहे, पण बाप मराठीत विचारणार आणि ही जर्मनमध्ये उत्तर देणार, तेही बहुधा एका शब्दात. जिन्यावर मी कितीदा ऐकलं आहे. "प्रवास बरा झाला का गं?" "या." म्हणजे हो. "परीक्षा कशी गेली?" "पास्ट शोन." म्हणजे ठीक आहे, चालतंय. मग कानात ती गाण्याची दोन बोंडकं घातली जातात आणि चौबळ तिची बॅग घेऊन मागून चढतात. या मुलीला सोबत घेऊन ते चेलाबाईंकडे जातात तेव्हा तिसऱ्या कुणालाही बोलावत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात चेलाबाईंचे गुडघे बसले. त्यांनी कारभार भाचीच्या हाती दिला. भाची स्टुटगार्टला हॉटेलचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. तिने पंधरा दिवसांत कायापालट केला. टेबलाटेबलावर स्क्रीन, बोटाने दाबा की ऑर्डर आत. दोन नवे आचारी. तळघरात वायफाय. मासे मागवले तर मासेच यायला लागले. गावात जो तो म्हणायला लागला, अखेर सुटलो. मीही एकदा जाऊन पोटभर जेवून अर्ध्या तासात बाहेर पडलो आणि जिन्यात चौबळ भेटले तेव्हा त्यांचं अभिनंदन केलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

महिन्याचा शेवटचा शनिवार झाला. रविवारी सकाळी बेल वाजली. चौबळ नेहमीसारखे आत आले नाहीत. कागद हातात दिला, "तेवढं जर्मन बघून ठेवा," म्हणाले आणि पायऱ्या चढून गेलेसुद्धा.

डावीकडचा मराठी मसुदा असा होता:

'विषय: जेवण लवकर आल्याबाबत.

सौ. चेलाबाई यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. मी आपला बारा वर्षांपासूनचा गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे जेवण यायला एक तास लागत असे. त्याबद्दल मी कधीही तक्रार केलेली नाही, हे आपण जाणता.

माझी मुलगी महिन्यातून एकदा घरी येते. घरी तिला फोन असतो, मैत्रिणी असतात. आपल्याकडे फोन चालत नसे आणि जेवण येत नसे, त्यामुळे तिला माझ्याशी बोलण्यावाचून गत्यंतर नसे. सुरुवातीला ती जर्मनमध्ये बोलते. माझं जर्मन बेताचं आहे. मला निम्मं कळतं, पण मी मान हलवतो. साधारण पंचविसाव्या मिनिटाला तिला कडकडून भूक लागते. भूक लागली की ती मराठीत येते. लहानपणापासून तिचं असंच आहे. "बाबा, भूक लागली" इथून सुरुवात होते आणि मग ती सगळं सांगते. बावीस ते एकतीस मिनिटांच्या दरम्यान हे होतं, माझ्याकडे नोंद आहे.

काल जेवण नवव्या मिनिटाला आलं. ती मराठीपर्यंत पोचली नाही.

तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी.'

मी कागद खाली ठेवला. मला माझ्या अभिनंदनाची फार लाज वाटली. चहा निवून गेला होता. चौबळांच्या जर्मनमध्ये सतरा चुका होत्या. एरवी मी त्या लाल पेनाने दुरुस्त करतो. त्या दिवशी मी दोनच केल्या, अर्थ उलटा होत होता तेवढ्या. 'सप्रेम नमस्कार' राहू दिला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. चेलाबाईंच्या मानाने ही तातडीच म्हणायची. बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी होत्या: शेवटच्या शनिवारी भाचीला सुट्टी दिली आहे. स्वयंपाकाला मी बसून का होईना, पण मीच असेन.

त्या शनिवारी मी उगाचच तीन वेळा कचरा टाकायला खाली गेलो. साडेबाराला दोघं गेलेली पाहिली. दोन वाजले, अडीच वाजले. तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. पुढे इरा होती. कानातली बोंडकं नव्हती. मला पाहताच तिने दोन्ही हात हवेत उडवले.

"काका, इमॅजिन करा! एक तास वीस मिनिटं! वायफाय पण बंद. मी मरणार होते भुकेने. बाबांनी मासे सांगितले आणि त्या आजीने राजमा आणला, आणि बाबा थँक्यू म्हणाले! तुम्ही सांगा ना त्यांना, हे बरोबर नाही. झाडाला पत्र लिहितात, मग त्या आजीला पण एक लिहायला सांगा ना."

चौबळ तिच्या दोन पायऱ्या मागे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते जिन्याच्या कठड्यावर काही तरी शोधत असल्यासारखे खाली बघत होते.

"लेखी गेलंय," ते म्हणाले.