एकुलतेपणाची तपासणी

बबनरावांना लेक एकच, हे रिठदमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पण ते कुणी कधी मोजून पाहिलं नव्हतं. त्या कामासाठी आता अकोल्याची एक संस्था मॅडम पाठवणार होती.

संस्था मोठी दयाळू. उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलींना ती शिष्यवृत्ती द्यायची, मात्र मुलगी आईबापांची एकुलती एक असली पाहिजे. दोन-तीन मुली असलेल्या बापाला गरज जास्त असेल, हा विचार चौथीतल्या पोराच्याही डोक्यात आला असता. संस्थेत सगळे शिकलेले होते, म्हणून तो कुणाला आला नाही.

वैभवीला अमरावतीला सोयाबीनच्या किडीवर पीएच. डी. करायची होती. शिष्यवृत्ती मिळाली तर वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च सुटत होता. नाही मिळाली तर मामानं पाहून ठेवलेलं मेहकरचं स्थळ होतंच. स्थळाचं एक बरं असतं, तिथे मुलीला अर्ज करावा लागत नाही.

प्रतिज्ञापत्र देऊनही गृहभेट कशाला, असं बबनरावांनी फोनवर विचारलं होतं. त्यावर धम्मदीपा मॅडमनी शांतपणे सांगितलं, की मागच्या वर्षी एका घरात दोन सख्ख्या बहिणी निघाल्या आणि दोघीही एकुलत्या एक होत्या.

मग बबनरावांनी घरात शिकवणीच घेतली. विचारलं तेवढंच सांगायचं, आपल्या मनानं काही जोडायचं नाही. त्यांची बायको सोजरबाई आणि वैभवी, दोघी पास झाल्या. शिकवणीला आली नव्हती ती वैजयंती.

वैजयंती ही बबनरावांच्या धाकट्या भावाची, भिवाजीची मुलगी. ती पाळण्यात असतानाच आई गेली. सोजरबाईंनी तिला वैभवीबरोबर एकाच मांडीवर वाढवलं. वैभवी म्हणेल तेच ती म्हणायची, त्यामुळे बबनराव तिचे ‘बाबा’ झाले आणि जन्मदाता भिवाजी ‘काका’. पुढे लग्नात, विधुर बापानं कन्यादानाला बसायचं नाही म्हणून, बबनराव आणि सोजरबाईच पाटावर बसले. तो फोटो बैठकीत दारासमोरच टांगलेला होता. भिंतीची शिकवणी घ्यायचं बबनरावांच्या लक्षात आलं नाही.

वैजयंतीला आसेगावला दिलेलं. वैभवीला पाहायला कुणी येणार आहे, एवढंच तिच्या कानावर गेलं. पाहायला येतात म्हणजे कशासाठी येतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. अशा वेळी घरात बहीण नको का? सकाळच्या गाडीनं ती पोर कडेवर घेऊन हजर झाली आणि थेट पोह्यांना लागली.

मॅडम बसल्या, त्यांनी फाइल उघडली, आणि वैजयंतीनं आतून डोकं काढलं. “बाबा, म्याडमले पोहे देऊ का आंधी पानी?”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. “ह्या कोण?”

“माह्या भावाची पोरगी,” बबनराव म्हणाले. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

वैजयंतीनं ताटली खाली ठेवली. “भावाची? कन्यादानाच्या टायमाले नाई म्हटलं तुमी भावाची म्हनून. आता मोठे लोक आले तं मी भावाची झाली काय?”

ती रडायला लागली. तिला पाहून कडेवरचं पोर रडायला लागलं. हरभऱ्यावर गारा पडल्या तेव्हा बबनराव डगमगले नव्हते, पण हे त्यांना सोसेना. “तसं नाई बाई. तू माहीच लेक हाये.”

मॅडमचं पेन चाललं.

सोजरबाईंनी सावरायला म्हणून सांगितलं, की पोटची नाही, पण दूध दोघींना त्यांनीच पाजलं. “म्हणजे दत्तक?” असं विचारत मॅडमनी दुसरं पान घेतलं. शेवटी शेजारच्या खोलीतून भिवाजीला बोलावलं. घरात पाहुणे आणि समोर मोठा भाऊ, अशा वेळी माणसानं कसं बोलावं याचे संस्कार त्याच्यावर फार चांगले झालेले. तो हात जोडून म्हणाला, “मी तं नावाले बाप. केलं ते सारं दादानं. पोरगी त्याईचीच समजा.”

“संस्थेला ‘समजा’ चालत नाही हो,” मॅडम फाइल मिटत म्हणाल्या. “वेगळी कुटुंबं असतील, तर तशी दिसायला तरी हवीत.” आणि त्या जीपकडे निघाल्या.

वैभवीनं वैजयंतीला स्वयंपाकघरात ओढलं आणि कोण पाहायला आलं होतं, काय गेलं आणि आता मेहकरला कोण जाणार, ते थोडक्यात सांगितलं. वैजयंतीचे डोळे तिथेच कोरडे झाले. बारावीनंतर तिचा नर्सिंगचा अर्ज भरायचा राहून गेला होता, कारण त्याच आठवड्यात आसेगावचे पाहुणे आले होते. तिनं पदर खोचला आणि अंगणात आली.

“म्याडम, खरं ऐकून जा. हे लोक आमचे कोनी नाईत. मघाशी यायच्या धाकानं बोललो आमी. माह्या बापाच्या वावराचा धुरा दाबला यायनं, बांध सरकवून जमीन खाल्ली!”

बबनराव बघतच राहिले. वैभवीनं त्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “दाबला तं दाबला. जा, करा केस.”

भिवाजीच्या पायावर मात्र कुणाला पाय द्यावा लागला नाही. तो पुढे आला आणि एका दमात म्हणाला, “चार हात. दर साली नांगराचं एक तास इकडं सरकते. मी बोलत नाई म्हनून मले दिसत नाई काय?”

भावाचं काम इतकं झकास होईल असं बबनरावांना वाटलं नव्हतं. मॅडम जीपमधून उतरून परत आल्या. दोन भावांचं प्रेम त्यांना तासभर खोटं वाटत होतं. भांडण एका मिनिटात पटलं. त्यांनी फाइल उघडली, ‘विभक्त कुटुंबे’ असं लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं.

पण मॅडम मनानं चांगल्या होत्या, आणि त्यांचं समुपदेशनाचं प्रशिक्षणही नुकतंच झालं होतं. पेन उचलून त्या म्हणाल्या, “भावाभावांत हे बरं नाही. मिटवल्याशिवाय मी उठणार नाही.”

“म्याडम, आंधी सही करा,” बबनराव काकुळतीला आले. “मंग मिटवतो.”

“आधी मिटवा. मुलगी डॉक्टरेट करणार आणि बाप चार हात जमिनीसाठी भांडणार? देऊन टाका.”

बबनरावांनी लेकीकडे पाहिलं, त्या पेनाकडे पाहिलं आणि चार हात धुरा साक्षीदारांसमोर देऊन टाकला. भाऊ गळ्यात पडले. मॅडमनी डोळे टिपले, सही केली, गार झालेले पोहे खाल्ले आणि गेल्या.

जीप वळणाआड गेल्यावर घर पोट धरून हसलं. वैभवी वैजयंतीच्या गळ्यातून हात काढेना. सोजरबाईंनी पानं वाढली. “काय नाटक केलं लेका,” बबनराव भावाच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. “बस जेवाले.”

भिवाजी शांतपणे हात धुऊन बसला. “जेवतो. उद्या पाहाटी दोर घेऊन येजो वावरात.”

“कायले?”

“मोजाले. चार हात.”

“अबे, ते तं नाटक होतं.”

“तुहं असंन,” भिवाजी भाकरी मोडत म्हणाला. “मी कुठी नाटक केलं?”

बबनरावांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. सोजरबाई वाटीत वरण घालत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, की तास सरकतं, हे त्यांनीही पाहिलं आहे.

“म्याडमचा नंबर हाये माह्याजवळ,” भिवाजी अगदी मायेनं म्हणाला. “इचारू काय, संस्थेले नाटक चालते काय म्हनून?”

बबनराव जेवून उठले आणि दोर शोधायला गोठ्यात गेले.