खसच्या ताटीतला गनीम

स्वस्ति. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी कसबे वर्धा येथे जी धामधूम जाहली, तिचा करीना यथास्थित लिहून ठेविला पाहिजे, न लिहिल्यास घरचे लोक मागाहून आपापल्या सोयीने सांगतील, म्हणोन हा लेखनप्रपंच.

राजश्री अच्युतराव झाडे, जिल्हा परिषदेचे कारकून, यांची एकुलती कन्या वेदश्री, वय वर्षे पंधरा, इयत्ता दहावी. तीस दम्याचा आजार, आणि भाद्रपदात तीन वेळां दवाखान्यात भरती करावी लागली. मग डॉक्टर माधवीबाईंनी हातावर सुया टोचून परीक्षा केली आणि बुरशी हाच गनीम ऐसे निदान केले. हुकूम जाहला की, घरातील ओल शोधून काढावी, तातडीचा पंप सदैव जवळ असावा, आणि दुसरा पंप रोज सकाळ-संध्याकाळ, बरे वाटत असले तरीही, ओढावा.

अच्युतरावांनी हुकूम शिरसावंद्य मानिला, मात्र निम्माच. पंपाची सवय लागते ऐसा त्यांचा पक्का समज, म्हणोन कन्येस आठ दिवस बरे वाटताच रोजचा पंप त्यांनी कपाटात नजरकैदेत ठेविला. मग ओलीवर मोहीम काढली. न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर काळे ठिपके उमटले होते, तेथे खासा स्वारी कुंचा घेऊन शिडीवर चढली आणि रंगाचे दोन हात दिले. त्यांच्या पत्नी नमिताबाई, पेशाने शिक्षिका, खालून म्हणाल्या, "आधी नळ तर दुरुस्त करा. रंगाखाली ओल राहतेच." मसलत उत्तम होती, म्हणोनच मानिली गेली नाही.

पुढे आश्विनाची उन्हे तापली. अच्युतरावांचे लग्नाचे सालचा लोखंडी कूलर कन्येच्या खिडकीत पावसाळाभर तसाच उभा होता, आणि या कूलरावर त्यांचा जेवढा भरवसा तेवढा सख्ख्या भावावर नव्हता. रविवारी दुपारी लेकरू घामाघूम होऊन अभ्यास करीत आहे ऐसे पाहोन त्यांनी मायेने स्वहस्ते बटण दाबिले, आणि समाधानाने पेपर वाचीत बसले.

पावघटका जाहली असेल. वेदश्री दारात येऊन चौकट धरून उभी राहिली. खांदे वर ओढलेले, ओठ निळसर.

"बाबा... पंप घेतला... नाई... लागून राह्यला."

ते समयी अच्युतरावांची सारी मुत्सद्देगिरी गळाली आणि पायांत चपलाही सरळ जाईनात. शेजारचे धर्मेंद्र ऑटो घेऊन आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही तिले नीट बसवून धरा. मी पोहचवतो." वाटेत नमिताबाई पंपाला नळी लावून एकेक फवारा देत, आणि अच्युतराव कन्येची पाठ धरून बसले, तों हाताखाली फासळ्या आत ओढल्या जाताना लागत होत्या. तितके भय त्यांनी आयुष्यात कशाचेही धरिले नव्हते.

दवाखान्यात तोंडावर वाफेचा मास्क चढविला, सुई दिली, दीड तासाने ओठांचा रंग परतला. मग माधवीबाईंनी विचारिले की, रोजचा पंप चालू आहे ना. वेदश्रीने मास्क किंचित बाजूस केला.

"मीच विसरली, मॅडम."

कन्येने बापाचा गुन्हा आपले शिरी घेतला. अच्युतरावांनी क्षणभर तो घेऊ दिला, हेही लिहिले पाहिजे. मग ते खुर्चीवरून उठले.

"नाई मॅडम. ते खोटं बोलून राह्यली. मी बंद केलता."

माधवीबाई रागावल्या नाहीत. दम लागण्याआधी खोलीत काय बदलले, एवढेच त्यांनी विचारिले.

"कूलर लावला होता," वेदश्री म्हणाली. "ओल्या पोत्यासारखा वास आला."

घरी येताच अच्युतरावांनी नाक-तोंड बांधोन कूलर अंगणात काढिला आणि खसगवताची ताटी उघडली, तों आतून सगळी काळीभोर. गनीम भिंतीवर ठाण मांडून होताच, खेरीज घरधन्याने त्यास पंखा लावून कन्येवर सोडिला होता. कूलर त्याच दिवशी हद्दपार जाहला. प्लंबर चंद्रभान यांनी न्हाणीचा गळका नळ बदलिला, भिंत खरवडून महिनाभर कोरडी केली, आणि पंपाची हाक सकाळ-संध्याकाळ खुद्द अच्युतराव देऊ लागले. गनीम नामशेष जाहला नाही, तो होतही नाही, परंतु सरहद्दीपार राहिला.

मार्गशीर्षात शाळेचे दोन दिवसांचे शिबिर निघाले. अच्युतरावांनी मनाई फर्माविली. वेदश्री समोर उभी राहिली.

"मी काऊन नाई जायचं ते सांगा, पंप बॅगेत राहीन, कसा द्यायचा ते शाळेच्या मॅडमले दाखवून ठेवलं, माधवी मॅडमले आई विचारून आली, त्या हो म्हणाल्या, आणि धूळ असते म्हणान तर धूळ इथंही आहे, आणि तुम्ही काय मी कॉलेजात गेल्यावर माझ्या मागं येणार आहे काय..."

ती श्वास घ्यायला थांबली की आपण बोलावे, ऐसा अच्युतरावांचा बेत होता. ती थांबेचना. ते ऐकत राहिले, आणि काही वेळाने मुद्दे ऐकणे सोडून नुसता आवाजच ऐकत राहिले.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, दिवसाढवळ्या, राहत्या घरी अच्युतराव झाडे यांची पुरता पराभव जाहला, आणि या मोहिमेची फत्ते ती हीच, ऐसे नोंदविले असे.