एकशे बत्तीस शेवया

गडहिंग्लजच्या शिंत्रे रामेन हाउसमध्ये सांगितलेला वाडगा अकरा वर्षांनी येतो. हाताच्या शेवया आहेत, वेळ लागणारच, असं गावात सगळे म्हणतात. ज्यांना घाई असते ते समोरच्या गाडीवर मिसळ खातात.

शिंत्रे अण्णा तरुणपणी जपानात, कोबे बंदरात, एका रामेनवाल्याच्या, म्हणजे रस्सा-शेवयावाल्याच्या, हाताखाली सहा वर्षं होते. निघताना त्या उस्तादानं त्यांना एवढंच सांगितलं की घाई करू नको. अण्णा सांगितलेलं ऐकणारा माणूस. गावी आल्यावर त्यांनी आईचा शेवयांचा पाट माळ्यावरून काढला, कणकेत तिकडच्या खाराऐवजी आपला पापडखार घातला, रश्श्याला थोडं पांढऱ्या रश्श्याचं वळण दिलं आणि हॉटेल उघडलं. ऑर्डर आली की त्या गिऱ्हाइकाच्या नावानं पिठाचा गोळा मळायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून नावाची चिठ्ठी लावायची आणि महिन्याला त्यातून एक शेवई ओढायची. वाडग्यात एकशे बत्तीस शेवया बसतात. म्हणजे अकरा वर्षं.

पहिली अकरा वर्षं तिथं कुणी काही खाल्लं नाही. अण्णा रोज सकाळी टेबलं पुसायचे, पाण्याचे पेले भरून ठेवायचे, आणि लोक येऊन ऑर्डर देऊन पाणी पिऊन जायचे. आरोग्य खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांना काही गैर आढळलं नाही. त्यांनी स्वतःसाठी एक कमी तिखट सांगितला आणि बदली होऊन गेले. पुढं रिटायर झाल्यावर येऊन खाल्ला, चांगला होता म्हणाले.

शेवई ज्या महिन्यात ओढली जाते त्या महिन्यात गिऱ्हाइकाचं जे काही चाललेलं असतं ते तिच्यात उतरतं, त्यामुळं माणसं तिथं सावकाश जेवतात. एक एक शेवई काट्यावर घ्यायची, तोंडात ठेवायची आणि जरा थांबायचं. कुणाला मुलाच्या मुंजीची चव लागते, कुणाला बोअरला पाणी लागलं त्या महिन्याची. रिटायर झालेले तलाठी मोहिते एकदा चौतीस नंबरच्या शेवईवर पाऊण तास बसून होते. कुणी त्यांना विचारलं नाही. विचारायचं नसतं.

विचारायचं नसतं हे मात्र कुंदा नाईकवाडेला कळायला वेळ लागला. तिचं घर हॉटेलच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर, आणि गॅलरी अशी की खाली कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत मेथी आहे नि कुणाच्या पालक, सगळं दिसावं. मनानं ती वाईट नव्हती. कुणाच्या घरी दुखणं असेल तर भाकरी पहिली तिच्याकडूनच जायची, फक्त भाकरी ठेवून परत यायला तिला दीड तास लागायचा. हॉटेलात वाडगे यायला लागले तेव्हा ती लोकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची आणि "हा कुठला महिना?" म्हणून विचारायची. शेवटी अण्णांनी भिंतीवरच्या पाटीवर एक नियम रंगवून घेतला. आधीचे नियम तीन होते. ऑर्डर बदलून मिळणार नाही. वाडगा बांधून मिळणार नाही. जोडपावतीचे वाडगे दोघंही हजर असतील तरच मिळतील. त्याखाली चौथा आला: दुसऱ्याच्या वाडग्यात डोकावू नये. रंगवणाऱ्यानं तो कुंदाकडे बघत बघतच लिहिला, असं लोक सांगतात.

जोडपावती म्हणजे एका कागदावर दोन नावं. तिचं पीठ एकाच गोळ्यातलं असतं. अकरा वर्षं एकमेकांना धरून राहू असं ज्यांना वाटतं तेच ती करतात, म्हणून एखाद्या मुला-मुलीनं जोडपावती केली की गावात सुपारी फुटल्यासारखंच धरतात.

कुंदानं जोडपावती केली होती ती सरोज कित्तूरकरबरोबर. सरोज तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. दोघी बाजारातून येत होत्या, पाय दुखले म्हणून आत टेकल्या आणि फुकट पाणी कसं प्यायचं म्हणून ऑर्डर देऊन बसल्या. दोघी तेव्हा त्रेचाळीसच्या. कुंदानं डबल तिखट सांगितलं, सरोजनं अगदी अळणीकडे झुकणारं. "अकरा वर्षांनी दात असतील का गं आपल्याला?" असं सरोजनं विचारलं, त्यावर कुंदा म्हणाली, की तुझे पडले तर तुझा पण मी खाईन. अण्णांनी ते लिहून घेतलं नाही, कारण पावतीवर त्याला रकाना नव्हता.

त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, एका सकाळी, कुंदाला हॉटेलच्या फळ्यावर नव्या ऑर्डरींत दोन नावं एका कंसात दिसली. एक पोस्टातल्या कारकुनाच्या मुलाचं आणि दुसरं सरोजच्या मुलीचं, तेजाचं. कुंदाला इतका आनंद झाला की तिला जिना उतरल्याचंही समजलं नाही. दूध केंद्रावर रांगेत सरोजचे यजमान, कित्तूरकर सर, उभे होते. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पेढे कधी?"

सरांना काहीच माहीत नव्हतं. सरोजला माहीत होतं, तेजानं तिला आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि रविवारी सर मोकळे असले की दोघी मिळून हळूच विषय काढणार होत्या. मग रविवारपर्यंत थांबायची वेळच आली नाही. घरात चार दिवस चूल नीट पेटली नाही. तेजा पुण्याला आत्याकडे निघून गेली. जाताना आईला म्हणाली की तूच कुंदामावशीला सांगितलंस, तुझ्या पोटात राहत नाही. सरांनी संस्थेच्या हुबळीच्या शाळेत बदली मागून घेतली. सामानाचा टेंपो आला त्या दुपारी कुंदा गिरणीत दळण आणायला गेली होती. गॅलरीत नव्हती अशी वर्षातली ती एकच दुपार असेल. परत आली तेव्हा शेजारच्या खिडकीला पडदा नव्हता.

पावणेनऊ वर्षं गेली.

वाडगा तयार व्हायच्या पंधरा दिवस आधी अण्णा कार्ड टाकतात. कुंदाचं कार्ड कुंदाला आलं. सरोजचं कार्ड जुन्या पत्त्यावर आलं आणि तिथल्या नव्या भाडेकरणीनं ते आणून कुंदालाच दिलं, कारण त्या गल्लीत सगळं शेवटी कुंदाकडेच येतं. कुंदा कार्ड हातात धरून बसली. अख्ख्या गावाचे पत्ते, जावई नि रक्तदाब तिला तोंडपाठ, आणि सरू हुबळीत कुठं राहते हे तिला सांगता येईना. एवढ्या वर्षांत तिनं ते कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं म्हणा.

ती अण्णांकडे गेली. सरोज आली नाही तर काय, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, नियमाप्रमाणे दोन्ही वाडग्यांतल्या शेवया काढून घेऊ, वाळवू आणि महिन्याला एक अशी मोडू. मोडायलाही अकरा वर्षं लागतील. मग पाटी कोरी. "आणि रस्सा उतरल्यापासून वीस मिनिटांत पहिला घास घेतला पाहिजे, वैनी. नाहीतर शेवया फुगतात. एकदा घास घेतला की कितीही वेळ बसा."

कुंदानं मग विम्याच्या एजंटाला गाठलं, त्यानं संस्थेच्या शिपायाला, शिपायानं हुबळीच्या एका मास्तरला, आणि तिसऱ्या दिवशी पत्ता आला. तिनं जुना पत्ता खोडून नवा घातला. खाली दोन बोटं जागा कोरी होती. तिथं काही लिहावं म्हणून तिनं तीनदा पेन टेकवलं आणि तीनदा उचललं. कार्ड तसंच टाकलं.

मंगळवारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी दोन नंबरच्या टेबलावर दोन वाडगे आले. एक लालभडक, एक पांढरा. कुंदा एकटीच बसली होती, ठेवणीतली इरकली नेसून. अण्णांनी घड्याळ बघून पावतीवर वेळ घातली. तिकडच्या टेबलावर बँकेचा एक पिग्मीवाला आपल्या वाडग्यावर मान खाली घालून हसत होता. त्याचा कुठला महिना चाललाय हे बघायला कुंदाची मान वळली नाही. ती रस्त्याकडे बघत होती.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. पंधराव्या मिनिटाला अण्णा आतून दोन कोरी फडकी घेऊन आले आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवून गेले. शेवया काढून घ्यायला तीच लागतात. कुंदा म्हणाली, अण्णा, तुमचं घड्याळ पुढं आहे. अण्णांनी रेडिओ लावून वेळ जुळवून दाखवली. घड्याळ बरोबर होतं.

अठराव्या मिनिटाला सरोज आली. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम, केस बरेच पांढरे झालेले. समोर बसली, पिशवी मांडीवरच ठेवली.

"बस संकेश्वरला अर्धा तास थांबवली," ती म्हणाली, अण्णांकडे बघून. मग कुंदाकडे न बघता, "मी तुझ्यासाठी आले नाही. शेवयांसाठी आलेय."

कुंदा म्हणाली, "खा."

पहिला घास दोघींनी वेळेत घेतला. अण्णांनी फडकी उचलून नेली.

पहिल्या सव्वीस शेवया दोन्ही वाडग्यांत सारख्याच होत्या. चौथीला दोघींनी मिळून घातलेल्या आणि दोघींच्याही बिघडलेल्या लोणच्याची चव होती. नववीला नृसिंहवाडीची, होडीतून उतरताना कुंदाची एक चप्पल वाहून गेली होती आणि सरोजनं आपली एक तिला दिली होती, म्हणजे दोघीही एकेका चपलेवर घरी आल्या. नववी तोंडात ठेवल्यावर सरोजचा काटा हवेतच थांबला. ओठ घट्ट मिटून तिनं हसू आवरलं, पण खांदे हलले. कुंदा खाली बघून खात होती.

सत्ताविसावी कडू होती, भांडं तळाशी लागल्यासारखी. दोघींनी ती एकदमच गिळली.

"मला खरंच आनंद झाला होता, सरू," कुंदा म्हणाली. "पण तो माझ्या एकटीचा नव्हता. माझं चुकलं."

सरोजनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

पुढच्या शेवया वेगवेगळ्या होत्या, हे दोघींनाही माहीत होतं. सरोज एक घ्यायची, थांबायची, कधी डोळे मिटायची. कुंदा आपल्या वाडग्यातून मान वर करत नव्हती. तिखटानं तिचं नाक वाहत होतं, कारण डबल तिखट त्रेचाळीस वर्षांच्या बाईनं सांगितलं होतं आणि आता ते चोपन्न वर्षांच्या, ॲसिडिटीच्या बाईला खावं लागत होतं. पाच-सहा शेवया गेल्यावर सरोजनं काटा खाली ठेवला.

"डोकावत नाहीस?"

"नियम आहे," कुंदा म्हणाली आणि पाटीकडे बोट केलं.

"तुझ्यासाठीच लावलाय तो. हुबळीपर्यंत माहीत आहे." सरोज पुढं झुकली. "जगाला विचारतेस. मला पावणेनऊ वर्षांत एकदा विचारावंसं वाटलं नाही तुला, कशी आहेस म्हणून?"

"रोज वाटायचं."

"मग?"

कुंदा पदरानं नाक पुसत राहिली. सरोजनं आपला वाडगा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "आता सगळं सांगत बसायला माझी संध्याकाळची बस आहे. खा. आणि तुझा इकडं दे."

अण्णा लगेच आले. असं आजपर्यंत कुणी केलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पाटीपाशी गेले आणि चारही नियम वरून खाली वाचले, मग खालून वर. पावती उलटी करून मागची बाजू पाहिली. पिग्मीवालाही खायचा थांबला होता.

"डोकावू नये असं लिहिलंय," अण्णा शेवटी म्हणाले. "खाऊ नये असं लिहिलेलं नाही."

मग कुंदानं सरोजची वर्षं खाल्ली. हुबळीच्या घरातलं मचूळ पाणी आलं. एकटीनं केलेल्या दिवाळीच्या चकल्या आल्या. एका शेवईला नव्या कोऱ्या शालूचा वास होता, म्हणजे तेजाचं लग्न झालं, आणि पंधरा-सोळा शेवयांनी पुढं बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, तेही आईच्याच हातचे, म्हणजे लेक बोलायला लागली. कुंदाचा जीव जरा भांड्यात पडला. एक्याऐंशीव्या शेवईला मीठच नव्हतं. ब्याऐंशीव्यालाही नव्हतं. त्र्याऐंशीव्याला नव्हतं. कुंदानं मनात महिना मोजला, एकदा वर, सरोजच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि सरांचं नाव काढलं नाही. तिनं नुसता हात पुढं केला आणि सरोजच्या मनगटावर ठेवला. सरोजनं तो राहू दिला.

सरोजला तिखटाचा ठसका लागला होता. ती पाणी प्यायली आणि तिनं परत एक शेवई घेतली, चघळली, मग आणखी एक.

"काय गं हे," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत काय केलंस काय तू? सगळ्यांना एकच चव. गॅलरीच्या गजाची." तिनं आणखी एक खाऊन पाहिली. मग जरा हळू म्हणाली, "माझ्याच खिडकीकडं बघत होतीस व्हय?"

"तिथून दुसरं काही दिसतच नाही," कुंदा म्हणाली. त्या गॅलरीतून अख्खी गल्ली, दूध केंद्र आणि अर्धा बाजार दिसतो.

दोघींनी शेवटपर्यंत खाल्लं. शेवटची शेवई याच महिन्याची होती. अदलाबदल केली तरी दोन्ही वाडग्यांत तिची चव सारखीच निघाली, एकाच कार्डाची.

चार वाजत आले होते. अण्णा वाडगे उचलायला आले आणि रिवाजाप्रमाणे आणखी काही लागेल का म्हणून विचारलं. सरोजनं घड्याळाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"चहा मिळेल?"

"मिळेल की. पण आमचा चहा घरचा आहे," अण्णा म्हणाले. "साडेतीन वर्षं लागतात."

"चालेल. दोन सांगते. एकाच पावतीवर."

"माझ्यात साखर कमी," कुंदा म्हणाली.

"तिच्यात अजिबात घालू नका," सरोज म्हणाली. "साडेतीन वर्षांत तिला शुगर झालेली असणार."

अण्णांनी पावतीवर दोन्ही नावं लिहिली, तारीख घातली, आत गेले आणि स्टोव्ह पेटवून पाणी ठेवलं.