पाय वर करून झोपलेलं विमान

जेवणाच्या टेबलावर लढाऊ विमान पाय वर करून पडलेलं असलं, की जेवायचं कुठे हा प्रश्न घरात रोज नव्याने उभा राहतो. आईने तो आपल्यापुरता सोडवला होता. ती ताट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसे. लेक शिवणयंत्राच्या झाकणावर ताट ठेवून जेवे. विमान मात्र ऐसपैस. बाबांनी ते जवळजवळ पलंगाएवढं बांधलं होतं. चाकांचे पाय बसवायचे आणि पोटात पेट्रोलची टाकी घालायची, एवढंच राहिलं होतं. ही दोन्ही कामं खालच्या बाजूने करायची, म्हणून ते स्पंजच्या पाळण्यात उताणं निजवलेलं होतं. हा स्पंज आईच्या गादीतून कापलेला होता, आणि ही बातमी तिला कोणी सांगितली नव्हती, तिच्या कंबरेला आपोआप कळली होती.

"पुढच्या रविवारी नक्की उडवू," असं बाबा दर रविवारी म्हणत. "कुठल्या सालच्या?" असं आई दर रविवारी विचारी. मग एका मंगळवारी दुपारी, चहा गाळून व्हायच्या आत, बाबा गेले. विमान तसंच उताणं राहिलं.

भेटायला येणारे सगळे येऊन गेल्यावर डॉक्टर आले. डॉक्टर दातांचे. रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या क्लबात ते आणि बाबा कित्येक वर्षं शेजारी उभे राहून भांडले होते. हे विमान जड आहे, ते उडणार नाही, हा त्यांच्या भांडणाचा शेवटचा विषय. तो अर्धवट राहिल्याने डॉक्टरांचा चेहरा खरोखरच उतरून गेला होता.

"वहिनी, ते विमान मी नेतो," ते म्हणाले. "दवाखान्यात टांगतो, खुर्चीच्या बरोबर वर. पेशंटला नाही तरी छताकडेच बघत पडायचं असतं."

"न्या," आई म्हणाली. "आजच न्या."

"आई, ते उडवायचं होतं बाबांना," लेक म्हणाली.

"त्यांना पुष्कळ काय काय करायचं होतं."

"उडल्याशिवाय मी ते घराबाहेर जाऊ देणार नाही."

"आणि उडवणार कोण? तुला साधा पतंग..."

"काका उडवतील."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी? जे उडणार नाही असं मी जन्मभर सांगितलं, ते मीच उडवू?"

"तुम्हालाच तर सिद्ध करायचंय ना, की उडत नाही."

हे डॉक्टरांना एकदम पटलं. शेवटी आईने निकाल दिला. महिनाभर मुदत. तेवढ्यात उडलं तर घरात राहील, नाही तर डॉक्टरांकडे जाईल. "मग मला माझं टेबल हवं," ती म्हणाली आणि उठून आत गेली. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या छताला हुक ठोकून घेतला.

लेकीचा उद्योग मुद्रितं तपासण्याचा. शाळेच्या पुस्तकांत दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून तिचं पोट भरे. लिहिलेल्यावर तिचा भारी विश्वास, आणि बाबांनी तर प्रत्येक भागावर जाड काळ्या पेनाने लिहून ठेवलं होतं. एका पायावर 'डावा', दुसऱ्यावर 'उजवा'. पेट्रोलच्या टाकीवर एक बाण, आणि बाणाच्या टोकाशी 'वर'. यात चुकायला जागाच नव्हती. ती विमानाच्या शेपटीमागे उभी राहिली, डावा पाय डाव्या हाताला बसवला, उजवा उजव्या हाताला. मग टाकीचा बाण नीट छताकडे करून ती पोटात सरकवली, पट्टा आवळला, झाकण लावलं आणि अभिमानाने हात धुतले.

पहिल्या रविवारी मैदानावर विमान सुलटं करून चाकांवर ठेवलं. ते क्षणभर उभं राहिलं आणि मग सावकाश नाक टेकून, शेपूट आभाळात करून ओणवं झालं. शेपूट खाली दाबली की उठे. सोडली की पुन्हा ओणवं.

"काहीतरी हरवलंय त्याचं, गवतात शोधतंय," क्लबातलं कोणीतरी म्हणालं.

डॉक्टर वाकले. "पाय मागे झुकलेत. पुढे हवेत. अगं, डावा पाय उजवीकडे बसवलायस तू."

"डावीकडेच बसवलाय."

"तुझ्या डावीकडे. ते उताणं होतं ना? तू मला खुर्चीत उताणा पाडून पायाशी उभी राहिलीस तर माझी डावी दाढ तुझ्या डावीकडे येईल का?"

लेक लाजेने लाल झाली. पाय काढून, अदलून, घट्ट बसवण्यात तिचा आठवडा गेला. पण आता रिमोटची कळ दाबली की दोन्ही पाय गुर्र करून पोटात मिटत आणि पुन्हा दाबली की ताठ बाहेर येत. उताण्या विमानाच्या बाबतीत जे काही शिकायचं ते आपण शिकलो, अशी तिची खात्री झाली. माणसाची खात्री झाली की त्याला धोका असतो.

दुसऱ्या रविवारी विमान चाकांवर झोकात उभं राहिलं. डॉक्टरांनी पेट्रोल भरायला घेतलं. टाकी भरली की हवेच्या नळीतून थेंब गळायला लागतात, मग थांबायचं, ही क्लबातली रीत. इथे बाटलीची तोटी लावली न लावली तोच थेंब गळायला लागले.

"भरली?" लेक म्हणाली.

"भरली म्हणायची. घोटभर टाकी बसवलीय तुझ्या बाबांनी."

नाकावरच्या पंख्याला झटका दिला. इंजिन असं काही गरजलं की क्लबातल्या लोकांनी चहाचे पेले धरून ठेवले. विमान धावू लागणार, एवढ्यात घरघरलं, खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा भरलं, पुन्हा गरजलं, पुन्हा खोकलं. दुपारपर्यंत हेच.

घरी मागच्या अंगणात त्यांनी तपासणी मांडली. झाकण पोटाला, म्हणून विमान पुन्हा पाळण्यात उताणं. डॉक्टरांनी दवाखान्यातून दात बघायचा छोटा आरसा आणला होता. तो पोटात घालून ते सवयीने म्हणाले, "आ कर."

"काका, काय दिसतंय?"

"कीड नाही. नळ्या ठीक. टाकी घट्ट."

"बाण?"

"बाण वर. अगदी बरोबर."

तरी त्यांनी नळ्या नव्या घातल्या, गाळणी बदलली, इंजिनाचे स्क्रू पिळले. मग पेट्रोल भरलं तर ते आख्खी बाटली प्यायलं. इंजिन सुरू केलं तर ते बंदच होईना. शेजारणीच्या दोरीवरची चादर उडाली, तिच्यामागून अभ्रे उडाले, आणि ते सगळं कुंपण ओलांडून आईच्या कुंड्यांवर येऊन बसलं. शेजारीण बाहेर आली, आई बाहेर आली, इंजिन चालूच. डॉक्टर आनंदाने डोलत होते. "झालं. निघाला दोष."

"दोष निघाला, माझी मोगऱ्याची कुंडी पण निघाली," आई म्हणाली.

तिसऱ्या रविवारी मैदानावर विमानाने घोटभर पेट्रोल घेतलं, गरजलं, खोकलं आणि गप्प झालं.

आता दोघांचीही मती गुंग झाली. घरी बाटलीभर पितं, मैदानावर घोटभर. घरी बंद होत नाही, मैदानावर चालत नाही. डॉक्टरांनी निदान केलं की त्याला ऊन बाधतं, म्हणून लेक लढाऊ विमानावर छत्री धरून उभी राहिली. मग वारा बाधतो म्हणून डॉक्टर आडवे उभे राहिले. क्लबातल्या एकाने विचारलं, पेशंट तपासणीला आलाय की हवापालटाला? दवाखान्यातही सगळं आलबेल नव्हतं. डॉक्टरांच्या हातांना पेट्रोलचा वास येई आणि खुर्चीत पडलेला प्रत्येक पेशंट तोंड उघडायच्या आधी विचारी, "डॉक्टर, वर तो हुक कशाला?"

महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. डॉक्टरांनी गाडीची मागची सीट पाडून त्यावर जुनं ब्लँकेट अंथरून आणलं होतं. मैदानावरूनच विमान दवाखान्यात न्यायची तयारी. लेकीने ते ब्लँकेट पाहिलं. त्या दिवशी आईही आली. एवढ्या वर्षांत ती मैदानावर कधी फिरकली नव्हती. "द्यायचं तर माझ्या हाताने देते," असं म्हणाली होती आणि कडेच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

लेकीने पंख जोडले आणि विमान चाकांवर उभं केलं. आई बाकावरून उठून जवळ आली.

"हे असं असतं होय?" ती म्हणाली.

"कसं?"

"पाय खाली. मी आपलं पाय वर केलेलंच बघत आले. हे कुणा परक्याचं वाटतंय."

डॉक्टरांनी पेट्रोल भरलं. थेंब गळले. इंजिन गरजलं, खोकलं, गप्प झालं. त्यांनी दोनदा आणखी करून पाहिलं आणि मग रुमालाने हात पुसत उभे राहिले. त्यांनाही जिंकल्यासारखं काही वाटत नसावं.

"वहिनी," ते म्हणाले, "नेऊ?"

आई विमानाकडे बघत होती. "घरी कसं घर डोक्यावर घेतं. आणि इथे आलं की गप्प. यांच्यासारखंच आहे मेलं. उताणे झोपले की भिंती हलायच्या. मी ढकलून कुशीवर वळवलं की घोरणं बंद."

डॉक्टर ब्लँकेट सारखं करायला गाडीकडे वळले. लेक मात्र जागची हलली नाही. उताणं. घरी उताणं असतं. इथे सुलटं. अंगणात पाळण्यात उताणं, आणि झाकण उघडून तपासायचं तेव्हाही उताणं.

ती गवतावर पाठ टेकून आडवी झाली आणि विमानाच्या पोटाखाली सरकली.

"अगं, साडी," आई म्हणाली.

"काका, आरसा द्या. विमान उलटं करू नका. असंच राहू दे."

तिने खालूनच झाकण काढलं. आरसा लागलाच नाही. टाकी समोर होती आणि टाकीवर बाबांचं जाड काळं अक्षर. बाण थेट तिच्या नाकाकडे, म्हणजे जमिनीकडे रोखलेला होता. त्याच्या टोकाशी लिहिलं होतं, 'वर'.

विमानाखालून काही वेळ नुसतं हसू येत राहिलं. मग त्यात रडूही मिसळलं असेल, पण विमानाखाली कोण बघायला जातं.

"काय झालं?" डॉक्टर पळत आले.

"टाकी उलटी आहे, काका. बाण वर होता, पण विमान उताणं असताना. सुलटं केलं की हवेची नळी टाकीत तळाला येते. चार थेंब आत गेले की लगेच बाहेर गळतात, आणि आपण म्हणतो भरली."

डॉक्टर गवतावर बसले. त्यांनी त्या पोटात आरसा घालून किती वेळा बघितलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. "बाण वर, अगदी बरोबर," ते स्वतःशीच म्हणाले. "मी म्हणालो होतो."

"मुद्रितं तपासते म्हणे," आई म्हणाली.

पट्टा सैल केला, टाकी अर्धा फेरा फिरवली, पट्टा आवळला. आता विमान आख्खी बाटली प्यायलं आणि पंख्याच्या पहिल्याच झटक्याला गरजलं. डॉक्टरांनी रिमोट हातात घेतला. "जड आहे ते," असं सवयीने पुटपुटत त्यांनी कळ पुढे केली. विमान धावलं, शेपूट उचलली गेली, गवतावरून चाकं एकदा टणकन उडाली, दुसऱ्यांदा उडाली, आणि तिसऱ्यांदा टेकलीच नाहीत.

"पाय," लेक म्हणाली. डॉक्टरांनी दुसरी कळ दाबली. दोन्ही पाय गुर्र करून पोटाशी गेले.

क्लबातले लोक चहा सोडून उभे राहिले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांनी टोप्या मागे सरकवून माना वर केल्या. मैदानाच्या टोकाला जाऊन विमान कलतं झालं, सूर्य पंखावर घेऊन वळलं आणि त्यांच्याकडे निघालं. इंजिन एका सुरात चाललं होतं. डॉक्टर नजर वरच ठेवून म्हणाले, "जड नव्हतं. त्याला सांगायला हवं होतं."

"ऐकलं असेल," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "ते उलटं उडवता येतं का हो?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. विमान लांबून सरळ येत होतं. बाकाच्या अलीकडे ते अलगद पाठीवर झालं आणि पोट आभाळाला दाखवत, इंजिन जराही न चुकवता, त्यांच्या डोक्यावरून गेलं.

"हां," आई म्हणाली. "आता ओळखलं."

उतरताना पाय वेळेवर बाहेर आले. चाकं गवताला टेकली आणि विमान धावत धावत येऊन त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. यावेळी ते ओणवं झालं नाही. डॉक्टरांनी रिमोट लेकीच्या हातात दिला, गाडीतलं ब्लँकेट काढलं आणि घडी घालून आईला दिलं. "पाळण्यात घाला. स्पंज पातळ झालाय."

"माझ्याच गादीचा आहे तो," आई म्हणाली. "आणि हुकाला आता छत्री टांगा. पेशंटला सांगायला बरी."

घरी आल्यावर लेकीने पंख काढून भिंतीशी उभे केले, विमान खोलीत आणून ठेवलं आणि टेबल ओल्या फडक्याने पुसून काढलं. इतक्या दिवसांनी टेबलाचा रंग दिसला. आईने ताट आणलं, खुर्ची ओढली, बसली. ताट तिने टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं होतं, मधे कोणीतरी पडलेलं असावं तसं. दोन घास खाल्ले आणि ताट उचलून ती पलंगाकडे गेली.

"ठेव ते जागेवर," ती म्हणाली. "उताणंच ठेव."

"आणि टेबल? तुला टेबल हवं होतं ना?"

आईने ताट मांडीवर घेतलं. "पुढच्या रविवारी नक्की रिकामं करू," ती म्हणाली.